छप्पर आणि आकाश

भर दुपारी उघड्या उन्हात ठेवलेला पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहू शकतो. त्याला वीज लागत नाही, त्यावर पाणी शिंपडावं लागत नाही, वर सावलीही करावी लागत नाही. त्यावर फक्त एक रंग दिलेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही गोष्ट खोटी वाटते आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण आपला जन्माचा अनुभव उलटा आहे. उन्हात ठेवलेली वस्तू कमी तापेल, जास्त तापेल, पण तापतेच. हा रंग ते कसं साधतो, ते साधायला माणसाला इतका काळ का लागला आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या छपरांना त्याचा काय उपयोग, हे या पुस्तकाचे तीन प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा, पण पहिले दोन समजल्याशिवाय त्याचं उत्तर नीट देता येत नाही.

विषय उन्हाचा असला तरी सुरुवात रात्रीपासून करायला हवी. थंडीच्या दिवसांत पहाटे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर दव साचलेलं दिसतं. तीच गाडी आंब्याखाली उभी असेल तर टप बहुधा कोरडा असतो. हवा दोन्हीकडे सारखीच. फरक इतकाच की एका टपाच्या डोक्यावर आकाश आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पानं. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. टपाने टाकलेली उष्णता पानं जवळजवळ तेवढीच परत देतात. आकाश तेवढी परत देत नाही. म्हणून उघड्यावरचा टप हवेपेक्षाही थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट उलगडली ती विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने. 1814 साली त्याने दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे प्रयोग आजही कुणाला घरच्या अंगणात करता येतील इतके साधे होते. सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके घ्यायचे, एक फळीच्या वर ठेवायचा, दुसरा फळीच्या खाली, आणि सकाळी दोन्ही तोलायचे. वरचा पुंजका दवाने कितीतरी जड झालेला असे. दव आकाशातून पडतं असं मानणाऱ्यांना आणि ते जमिनीतून वर येतं असं मानणाऱ्यांना वेल्सने एकाच वेळी उत्तर दिलं: वस्तू आधी थंड होते, दव नंतर येतं.

वेल्सच्या आधी चाळीस वर्षं हीच गोष्ट आपल्या देशात धंदा म्हणून चालू होती, आणि तिचं श्रेय कुठल्याही एका नावावर नाही. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1775 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद आणि कलकत्त्याकडच्या बर्फ बनवण्याच्या रीतीचं वर्णन छापलं. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणत. तळाशी उसाचे किंवा मक्याचे वाळलेले ताट जाड पसरत. त्यावर मातीची उथळ, झिलई नसलेली पसरट भांडी ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतत. रात्र निरभ्र आणि वारा शांत असेल तर सूर्य उगवण्याआधी भांड्यांत बर्फ धरलेला असे, तोही हवेचं तापमान शून्यावर गेलेलं नसताना. भांड्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाचा त्यात वाटा होताच. पण ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री बर्फ धरत नसे, यावरून वेल्सने मुख्य काम आकाशाचं आहे हे ओळखलं. ते ताट मला विशेष वाटतात. जमिनीची ऊब भांड्याला लागू नये म्हणून केलेली ती सोय. आज प्रयोगशाळेत थंड लेपाच्या नमुन्याखाली थर्माकोलचा जाड थर देतात तो नेमक्या त्याच कारणासाठी. 1833 साली बोस्टनहून बर्फाने भरलेलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि पुढे हा धंदा मागे पडत गेला. ज्यांच्या हातात ही विद्या होती त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आकाश उष्णता परत का देत नाही ते पाहू. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतात आणि त्यांतले बरेच खाली पाठवतात; पृथ्वी उबदार राहते ती त्यामुळेच. मात्र 8 ते 13 मायक्रॉन या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक आहे. शास्त्रज्ञ या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. आपल्या नेहमीच्या तापमानाच्या वस्तू, म्हणजे छप्पर, भिंत, माणसाची कातडी, सगळ्यांत जास्त किरण टाकतात ते साधारण 10 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बरोबर त्या खिडकीत. पलीकडे अवकाश आहे, उणे 270 अंशांचं. घरातली उष्णता त्या खिडकीतून थेट तिकडे पाठवायला ना पंप लागतो ना कॉम्प्रेसर. उष्णता गरमकडून थंडकडे जाते, एवढा नियम पुरतो. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो आणि वर स्वतःचीही भर घालतो. आकाशाकडे पाठवलेली उष्णता कुणाच्या दारात पडत नाही.

मग हे दिवसा का होत नाही? इथे थोडा जमाखर्च मांडावा लागेल, कारण सगळं रहस्य त्याच्यातच आहे. तीस अंशांवरचं छप्पर दर चौरस मीटरला साडेचारशे वॅटहून थोडी जास्त उष्णता वर टाकतं. हवा कोरडी आणि निरभ्र असेल तर त्यातली साडेतीनशेच्या आसपास खाली परत येते. म्हणजे निव्वळ खर्च शंभरेक वॅटचा. रात्री जमेची बाजू जवळजवळ रिकामी असते, म्हणून छप्पर गार होत जातं. दुपारी मात्र ऊन त्याच चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ओततं. जुना, काळपटलेला स्लॅब त्यांतले सात-आठशे वॅट पिऊन टाकतो. चांगला पांढरा रंग दिला तर दीड-दोनशे आत जातात. शंभर वॅट बाहेर आणि दीडशे आत: छप्पर तापणारच, फक्त बरंच कमी तापेल. ऊन परत फेकण्याचं प्रमाण शेकडा 90 झालं की हिशोब बरोबरीवर येतो. 95 झालं की छप्पर भर उन्हात हवेच्या खाली उतरू लागतं. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी शास्त्रज्ञांनी अर्धं शतक घालवलं. 1960 च्या दशकापासून फ्रान्स, इटली, स्वीडनमधल्या संशोधकांनी चांगली कामं केली, पण दुपारचा गड काही पक्का सर झाला नाही.

तो सर झाला 2014 साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गच्चीवर. शानहुई फॅन यांच्या गटातल्या आस्वथ रामन यांनी चांदीच्या थरावर हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिका यांचे सात पातळ पदर चढवलेला एक पृष्ठभाग बनवला. तो शेकडा 97 ऊन परतवत होता आणि थेट उन्हात हवेपेक्षा 4.9 अंशांनी थंड राहिला. हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. रामन कॅनडात वाढले आणि लहानपणी दर उन्हाळ्यात आजीआजोबांकडे मुंबईला येत. मध्यरात्र उलटली तरी न ओसरणारा तो दमट उकाडा आणि काही केल्या एअर कंडिशनर न घेणारे आजीआजोबा, ही आठवण त्यांनी आपल्या जाहीर व्याख्यानात सांगितली आहे. मुंबईतला उकाडा हा शोध लावणाऱ्याच्या आठवणींत आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी असं मला वाटलं, म्हणून ती इथे सांगितली.

चांदी आणि हाफ्नियमचा पृष्ठभाग छपरावर पसरायला कुणाला परवडणार? म्हणून पुढची धाव स्वस्ताकडे होती. 2017 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाने काचेचे सूक्ष्म मणी मिसळलेली, थानासारखी गुंडाळता येणारी प्लास्टिकची फिल्म केली. 2018 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने सच्छिद्र पॉलिमरचा लेप दाखवला, ज्यात हवेची बारीक छिद्रंच ऊन परतवण्याचं काम करतात. आणि मग अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात श्युलिन रुआन यांच्या गटाने हे सगळं डब्यातल्या रंगापर्यंत आणलं.

या रंगाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. बाजारातल्या पांढऱ्या रंगाला पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. हा पदार्थ डोळ्यांना शुभ्र दिसतो, पण उन्हातले अतिनील किरण शोषून घेतो, आणि त्यामुळेच असे रंग शेकडा 80 ते 90 च्या पुढे सहसा जात नाहीत. पर्ड्यूच्या गटाने टायटॅनियम सोडलं आणि 2021 साली बेरियम सल्फेट घेतलं. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी दवाखान्यात जे पांढरं, खडूसारखं पाणी प्यायला देतात, त्यातला हा पदार्थ. तो अतिनील किरणही शोषत नाही. त्याचे कण मुद्दाम वेगवेगळ्या आकाराचे घेतले, कारण एका आकाराचा कण प्रकाशाच्या एकाच पट्ट्याला नीट विखुरतो आणि उन्हात तर अतिनीलपासून जवळच्या अवरक्तापर्यंत सगळंच असतं. उन्हाची निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात असते, हे फार लोकांना माहीत नसतं. नुसतं डोळ्यांना पांढरं दिसणं पुरेसं नाही ते त्यामुळे. शिवाय कण इतके दाट भरले की सुकलेल्या रंगात साठ टक्के आकारमान त्यांचंच. या रंगाने शेकडा 98.1 ऊन परतवलं आणि कडक उन्हात पृष्ठभाग हवेपेक्षा 4.5 अंशांनी थंड ठेवला. जगातला सर्वांत पांढरा रंग म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद झाली. बेरियम सल्फेटचं खनिज, बराइट, आपल्याकडे मुबलक आहे. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांत गणला जातो. मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून असाच लेप बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही बनवला गेला आहे.

पण मी वाचकाचं लक्ष वेधणार आहे ते पर्ड्यूच्या आधीच्या, 2020 सालच्या रंगाकडे. तो शेकडा 95.5 ऊन परतवत होता, म्हणजे बरोबरीची रेघ त्याने ओलांडली होती. त्याच्यातला पदार्थ होता कॅल्शियम कार्बोनेट. कळीचा चुना विरवून भिंतीला लावला की तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी दिवाळीला भिंतींना दिलेली सफेदी आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतला तो विक्रमी रंग, दोन्हींचं द्रव्य एकच. फरक आहे तो कणांच्या आकारात, दाटपणात आणि थराच्या जाडीत. चुन्याचे दोन हात दिलेलं छप्पर ताजं असताना शेकडा 70 च्या आसपास ऊन परतवतं. ते हवेपेक्षा थंड होणार नाही. पण जे सात-आठशे वॅट आत शिरत होते त्यांतले तीनशेच उरतात.

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. शास्त्राचा चमत्कार शेवटच्या पाच टक्क्यांत असेल, माणसाचा दिलासा पहिल्या पन्नास टक्क्यांत आहे. आणि ते पन्नास टक्के आज, चुन्याच्या भावात, गावातल्या दुकानात मिळतात.

हा दिलासा कुणाला हवा आहे? मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा 45 च्या पुढे जातो. तो सावलीतल्या हवेचा आकडा. पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. नवा, चकचकीत पत्रा उन्हात झळकतो म्हणून तो ऊन परतवत असेल असा समज होतो, आणि काही प्रमाणात तो खराही आहे. पण झळकणाऱ्या धातूला दुसरी खोड असते: तो आतली उष्णता किरणांच्या रूपाने फार कमी टाकतो. घेतलेलं सोडत नाही, म्हणून पोळत राहतो. गंज चढला की ऊन परतवणंही जातं. अशा छपराखाली पंखा लावला तरी डोक्यावर धग पडतच राहते, कारण तापलेल्या पत्र्यातून खाली येणारे किरण वाऱ्याने अडत नाहीत. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचा विचार करा. कामाच्या वेळाच दुपारच्या, बसायची जागा पत्र्याखाली, आणि पंखा जोरात केला तर पानं सुकतात, तंबाखू उडतो. त्यांच्यासाठी छपराचा रंग हा कामाच्या जागेचा प्रश्न आहे. त्याच सोलापूर-मराठवाड्यात पूर्वी माळवदाची घरं होती. लाकडी पाटण, त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. तो थर ऊन लवकर आत येऊ देत नसे. माळवद गेलं, पत्रा आला. गळती थांबली, खर्च वाचला, पण उन्हाळा घरात शिरला.

या रंगांच्या मर्यादा मी पुढे एका स्वतंत्र प्रकरणात दिल्या आहेत. त्यांतल्या दोन इथेच सांगायला हव्यात. पहिली धुळीची. उन्हाळ्यात आपल्याकडे इतकी धूळ उडते की शेकडा 98 चा रंग काही महिन्यांत खाली येतो. पावसाळ्यात शेवाळ धरतं ते वेगळंच. धुतलं नाही तर विक्रमी रंग आणि साधा रंग यांतला फरक पुसला जातो, आणि खरा फरक तर त्या शेवटच्या पाच-दहा टक्क्यांचाच होता. दुसरी मर्यादा दमटपणाची. हवेत वाफ दाट असली की वातावरणाची खिडकी अर्धवट मिटते. रामन यांच्या आजीआजोबांची मुंबई, सगळी कोकणपट्टी, गोवा, इथे आकाशाकडे उष्णता पाठवण्याचं काम विदर्भाइतकं चांगलं होणार नाही. ऊन परतवण्याचा फायदा मात्र तिथेही पुरेपूर मिळतो. थंडीत त्रास होईल का, ही शंका नेहमी विचारली जाते. सिमेंट आणि चुना दोन्ही रात्री उष्णता सारखीच टाकतात, त्यामुळे स्लॅबखाली रात्री फरक पडतो तो फक्त दिवसा कमी साठलेल्या उष्णतेचा. चकचकीत पत्रा रंगवला तर जानेवारीत रात्री थोडा अधिक गारठा जाणवेल. विदर्भाच्या मे महिन्यासमोर तो मला सोसण्यासारखा वाटतो.

हा रंग एअर कंडिशनरची जागा घेईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्याचा परिणाम छपराखालच्या मजल्यापुरता असतो, तिथेही भिंती, खिडक्या, चूल आपापली उष्णता आणतच असतात. पण ज्या घराला एकच मजला आहे आणि एअर कंडिशनर कधी येणारच नाही, त्या घरासाठी छप्पर हेच सगळं असतं.

आपल्या शेजाऱ्यांनी हे ओळखलं आहे. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्या धक्क्यातून 2013 साली तिथल्या महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि 2017 पासून वस्त्यांमधली छपरं चुन्याने रंगवायला घेतली. तेलंगणाने 2023 साली शीत छपरांसाठी राज्याचं पाच वर्षांचं धोरण जाहीर केलं. घरकुलाच्या अंदाजपत्रकात पत्र्याबरोबर पांढऱ्या लेपाची एक ओळ घालायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं यांची छपरं तर सरकारची स्वतःचीच आहेत. ती दर उन्हाळ्याआधी पांढरी झालीच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्यांना प्रकाशाच्या विखुरण्याचं गणित हवं आहे त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी आधी शेवटचं प्रकरण उघडावं: चुना कसा विरवायचा, त्यात चिकटपणासाठी काय घालायचं, गंजलेला पत्रा आधी कसा घासायचा, हे सगळं तिथे आहे. तापलेल्या पत्र्यावर दिलेला हात लगेच सुकतो आणि पापुद्रा धरून निघतो, म्हणून काम सकाळी लवकर करा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. पत्र्यावर पाय ठेवताना खिळ्यांच्या रांगेवरच ठेवा, कारण खाली आधार तिथेच असतो. आणि चैत्राची वाट पाहू नका. फाल्गुन संपायच्या आत दोन्ही हात देऊन टाका.